मशीनच्या तेलाचा एक थेंब

कुरकुरणारी कुठलीही वस्तू दिसली की शिलाईताईंचा हात आपसूक तेलाच्या कुपीकडे जायचा. दाराची बिजागरी, सासऱ्यांची खुर्ची, शेजारणीच्या लेकीची तीनचाकी, सगळ्यांना त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पाजला होता आणि सगळी निमूट झाली होती. माणसांना असं तेल घालता येत नाही, एवढीच त्यांची देवाकडे तक्रार. आणि ती त्या नवऱ्याकडे बघून करायच्या.

पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं मशीन आणि समोर टीव्ही. टीव्हीखाली सासऱ्यांचा गेमचा काळा डबा. छापखान्यातून निवृत्त झालेले सासरे रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावून गाड्यांची शर्यत खेळत, तीही दूरच्या शहरात राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीशी. दोघांच्याही गुडघ्यांनी प्रवासाला कधीच रजा दिली होती. भावाबहिणीची भेट व्हायची ती त्या पडद्यावरच्या रस्त्यावर, भांडत भांडत.

आणि नेमका तो डबा रुसला. सुरू करावा, दोन वळणं घ्यावीत, की तापून विझायचा. काल पुन्हा तसंच झालं, तेव्हा आत्याबाईंनी फोन करून भावाला ऐकवलं, की हरायला लागलास की तुझा डबा बरा वेळेवर झोपतो. शिवाय उद्या त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन. मग डॉक्टर हो म्हणेपर्यंत खेळ बंद. म्हणजे जे काय व्हायचं ते आज संध्याकाळी. सासऱ्यांनी ताटातली भाजी नुसती इकडून तिकडे केली.

दुरुस्तीवाला म्हणाला, ठेवून जा, आठवड्याने बघतो. तेव्हा शिलाईताईंनी त्याच्याकडून बारीक पेचकस तेवढा मागून आणला. जेवायला घरी आलेल्या नवऱ्याने तो बघितला.

"उघडशील खरं, पण शेवटी एक स्क्रू उरणारच," तो म्हणाला. "जगाचा नियम आहे."

"उरला तर तुमच्या डोक्यात बसवू. तिथे एक ढिला आहेच."

दुपारी त्यांनी डब्याची वायर काढली, मनात देवाचं नाव घेतलं आणि कटिंगच्या टेबलावर खाकी कागद अंथरला. ब्लाउज बेतताना आखतात तसा खडूने डब्याचा आकार आखला. निघालेला प्रत्येक स्क्रू जिथला तिथे, टाचणीसारखा कागदात खोचत गेल्या. सासरे खुर्ची ओढून बसले होते. घरात वैद्य कुणाची तरी नाडी बघत असावेत, तसा त्यांचा चेहरा.

झाकण निघालं. विजेचा पुरवठा करणारा भाग बंद पेटीत होता. त्याला हात लावायचा नाही, असं दुरुस्तीवाल्याने बजावलं होतं, त्यांनी लावला नाही. पण शेजारचा पंखा बघून त्या थबकल्या. पात्यांमध्ये करडा, जाड थर बसला होता. चिमट्याने ओढला तर दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा सलग निघाला. त्यात निळा, पिवळा, लाल रंग. शेजारणीच्या पडद्याचा निळा त्यांनी लगेच ओळखला. बोटाला चिकट लागलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं आणि सगळा उलगडा झाला.

मध्यंतरी डबा घरघरू लागला होता. सवयीप्रमाणे त्यांनीच जाळीतून एक थेंब सोडला होता. मग बरं वाटावं म्हणून आणखी एक. मशीनवरून उडणारी कापडाची लव त्या तेलावर बसत गेली, आणि पंख्याने अंगावर गोधडीच पांघरली. वारा जाणार कुठून?

"बाबा," त्या म्हणाल्या, "हा आजार मीच लावलाय. तेल घातलं होतं मी."

सासऱ्यांनी तो रंगीत नमदा हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"घातलंस तूच, काढतेयसही तूच. आता हातातलं काम पुरं कर. ती वाट बघत असेल."

मग त्यांना धीर आला. पंख्याचा प्लग हलकेच सोडवून पातं न् पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. मशीनच्या दात्यांसाठीच्या ब्रशने धातूच्या पट्ट्यांमधल्या फटी झाडल्या. सगळं वाळू दिलं, प्लग पुन्हा बसवला, कागदावरून एकेक स्क्रू उचलून आपापल्या घरी पाठवला. कागदावर नुसती भोकं उरली. संध्याकाळी नवऱ्याने येऊन तो कागद झटकून बघितला आणि खट्टू झाला.

डबा सुरू झाला. शिलाईताई मशीनवर बसल्या, पण पाय हलवेनात. शिवण सुरू झाली तर पंख्याचा आवाज ऐकू येणार नाही. एक वळण, दुसरं वळण, तिसरं. आवाज एकसारखा, बारीक धावदोऱ्यासारखा. शर्यत संपेपर्यंत डबा विझला नाही.

सासरे मात्र हरले. हेडफोनमधून आत्याबाईंचं हसणं खोलीभर ऐकू आलं. म्हणत होत्या, पट्टी बांधून आले तरी तुला हरवीन. सासऱ्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "डबा जरा अडखळत होता, नाहीतर..."

शिलाईताईंनी मशीनचं चाक फिरवलं.

"बाबा, अंगण मी सरळ करून दिलंय. आता नाचाचं तुमचं तुम्ही बघा."

"ऐकलं मी," हेडफोनमधून आत्याबाई म्हणाल्या. "चल, लाव पुढची."