एक वर, एक खाली

‘‘द्या इकडं. मी आहो ना.’’

एवढं म्हणून मावशी दोन्ही हात पुढे करायच्या आणि समोरच्या बाईला कळायच्या आत तिचं लेकरू मावशींच्या डाव्या कमरेवर गेलेलं असायचं. लसीकरणाच्या दिवशी, ग्रामसभेत, एसटी स्टँडवर, मयताच्या घरीसुद्धा. विचारणं नाही, ओळखीची गरज नाही. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल. कुणाचंही मूल रडलं तरी तिला तो आवाज आपल्याच घरातून आल्यासारखा वाटतो.

आमच्या अंगणवाडीत त्या मदतनीस आणि मी सेविका. राळेगाव तालुक्यातल्या त्या एका खोलीत आम्ही दोघींनी चौदा वर्षं काढली. माझं काम वहीवर चालतं. सकाळी कामं लिहायची, झाली की रेघ मारायची. मावशींचं काम हातावर. खिचडीत मीठ किती, ते त्यांचा तळहात सांगायचा, आणि तो कधी चुकला नाही.

‘‘ताई, तुमची वही हरपली तं काय करसान?’’

‘‘दुसरी आणीन.’’

‘‘आन् तिच्यात काय लिवसान?’’



त्यांना एकाच गोष्टीचं भय होतं. जमिनीवरून पाय उचलण्याचं. कपाटावरचा डबा काढायला त्या स्टुलावर चढत नसत. पोलिओचा फलक बांधायला मी शिडीवर चढले, तेव्हा खाली शिडी धरायला मावशी होत्या. मी वाकून पाहिलं तर यांचे डोळे गच्च मिटलेले.

‘‘मावशी, वर मी आहे. तुम्ही कशाला डोळे मिटले?’’

‘‘तुमाले पाह्यलं की माहे पाय गळते.’’

त्यांची एकुलती एक मुलगी अश्विनी. दिग्रसला दिलेली. जावई तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. मावशींचे यजमान कधीच वारले होते, त्यामुळे पहिल्या बाळंतपणाला अश्विनी आली तेव्हा सगळं मावशींनी एकटीनं केलं. मुलगा झाला. बारसं झालं. तिसरा महिना लागला, आणि माझ्या लक्षात आलं की अश्विनीच्या हातात बाळ मी कधी पाहिलंच नाही.

बाळ मावशींकडे असायचं. मावशी खिचडी ढवळत असल्या की माझ्याकडे. मी रजिस्टर भरत असले की शेजारणीकडे. अश्विनी अंगणवाडीच्या पायरीवर बसून असायची, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. बाळ रडलं की तिची मान आणखी खाली जायची.

‘‘थकली हाय पोरगी,’’ मावशी म्हणायच्या. पुढच्या महिन्यात म्हणाल्या, ‘‘थंडी बाधली तिले.’’ त्यानंतर काहीच म्हणेनाशा झाल्या.

मी माझ्या वहीत ‘अश्विनी – जिल्हा दवाखाना, मनाचे डॉक्टर’ असं लिहिलं आणि वाचून दाखवलं. मावशींनी माझ्या हातून पेन घेतलं आणि त्यावर रेघ मारली. काम न होता मारलेली त्या वहीतली ती पहिली रेघ.

‘‘त्या डॉक्टरकडं कोन जाते, मले माहीत नाही काय? दिग्रसले कळलं तं पोरीचा संसार गेला.’’

दिग्रसला ते न कळताच संसार जायची वेळ आली. विहीणबाई एक दिवस न सांगता आल्या. त्या ओट्यावर बसल्या असताना बाळ रडायला लागलं. मावशी नळावर होत्या. विहीणबाई मुद्दाम उठल्या नाहीत. अश्विनी उठते का, ते पाहत बसल्या. मावशी धावत येईपर्यंत ते लेकरू रडून निळं पडलं होतं. जाताना विहीणबाईंनी सांगितलं, ‘‘दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमी येतो. हिनं लेकरू घेतलं तं दोघायले नेतो. नाही तं लेकरू नेतो, पोरगी ठेवा तुमच्यापाशी.’’

दसऱ्याला बारा दिवस होते.

नवरात्रात यवतमाळला आनंदमेळा लागतो. आमच्या बचत गटाच्या बायकांनी जायचं ठरवलं. सोयाबीनची सोंगणी-कापणी जोरात होती, म्हणून एकच दुपार मिळाली. यादी अर्थात माझ्याकडे. चौदा बायका, दोन तान्ही मुलं, जायची एसटी, यायची एसटी, पाण्याच्या बाटल्या कुणाकडे. मेळ्यातल्या माणसाला मी फोन करून विचारून घेतलं होतं. तान्ह्या मुलांना आकाशपाळण्यात, झुलत्या नावेत, कशातच घेत नाहीत. म्हणून मी जोड्या पाडल्या. एकीनं वर जायचं, दुसरीनं बाळ घेऊन खाली थांबायचं, मग बदली. मावशींचं नाव मी पाळण्यात बसणाऱ्यांत धरलंच नव्हतं. त्या कायमच्या खाली, अश्विनीचं बाळ घेऊन.

आदल्या दिवशी मावशी यादी वाचून घ्यायला आल्या.

‘‘माही जोडी अश्विनीसंग लावा. पयले मी बसतो वर.’’

‘‘तुम्ही? पाळण्यात?’’

‘‘लिवा म्हनलं ना.’’

मी लिहिलं. म्हातारपणी हौस आली असेल, असं वाटून मी हसलेसुद्धा. हे मला अजून बोचतं.

मेळ्यात पोचलो तेव्हा चार वाजले होते. दुसऱ्या बाळाची जोडी सासू-सुनेची. ‘‘आधी तू जा वं.’’ ‘‘नाही, तुमी जा, मंग घरी म्हनसान सुनेनं बसू देल्लं नाही.’’ त्यांचं असं हसतखेळत चाललं होतं. मावशी सरळ झुलत्या नावेपाशी गेल्या, बाळ शेजारच्या बाकावर बसलेल्या अश्विनीच्या मांडीवर ठेवलं, आणि मागे न बघता चढल्या. नाव हलली. मावशींचं तोंड राखेसारखं झालं. दांडा त्यांनी असा धरला होता, जणू नाव त्यांनाच थांबवायची होती.

इकडे बाळानं सूर लावला. अश्विनी माझ्याकडे वळली. तिनं नुसती मांडी माझ्या बाजूला केली. मी बाळ उचललं. चौदा वर्षं मावशींजवळ राहून मलाही तीच सवय लागली होती.

मावशी उतरल्या.  बाळ माझ्या खांद्यावर पाहिलं आणि एरवी कधी न चढणारा त्यांचा आवाज चढला.

‘‘तुमाले कोनं सांगतलं होतं घ्याले?’’

‘‘रडत होतं, मावशी.’’

‘‘रडू द्याचं होतं! मी खाली असली की थे मलेच देते. मी नसली की तुमाले. वर गेल्यावर मले उतरता येत नाही, म्हनून बसली ना मी! कोनीच नसलं तं घेईन का नाही थे?’’

आता मला कळलं. स्टुलावर न चढणारी बाई स्वतःला हवेत बांधून घेत होती, मुलीला दुसरं कुणी हाताशी उरू नये म्हणून. तिच्याजवळ तेवढा एकच उपाय उरला होता आणि तो मी वाया घालवला होता.

मग मावशींनी माझा दंड धरला. ‘‘चाला. आता तुमी बी वर.’’

त्या मला आकाशपाळण्याकडे घेऊन निघाल्या. बाकीच्या बायकांना मी मौत का कुआँ बघायला पाठवून दिलं. पाळणेवाला उमरखेडचा एक चाचा होता. त्यानं बाळाकडे बोट दाखवलं, ‘‘बच्चा नीचे. एक जन रुको उसके पास.’’

‘‘हाय ना एक जन,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘त्याची माय हाय.’’ अश्विनीला खाली बसवून त्यांनी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

पाळणा एक-एक खोकं भरत, थांबत-थांबत वर गेला. मावशींनी या वेळी डोळे मिटले नाहीत. खाली पाहिलं. चपला काढायची जागा होती, तिथे अश्विनी बाळ घेऊन उकिडवी बसलेली दिसली.

‘‘घेतलं! ताई, घेतलं ना?’’

आम्ही खाली येऊन पुन्हा वर गेलो तेव्हा बाळ ओढणीवर, जमिनीवर होतं. अश्विनी दोन हात लांब उभी. बाळाचं उघडं तोंड दिसत होतं. गाणी इतकी मोठ्यानं लावली होती की रडणं ऐकू येत नव्हतं. माणसं चपला शोधत अगदी बाळाच्या डोक्याजवळून जात होती.

‘‘उचल... उचल वं माय... अश्विने, उचल!’’ मावशी ओरडत होत्या. मीही ओरडले, ‘‘चाचा, रोको!’’ कुणाला ऐकू जाणार? पाळण्यात बसलेला प्रत्येकजण ओरडतच असतो.

तिसऱ्या फेरीला अश्विनी जागेवर नव्हती. ओढणीवर बाळ एकटं. मावशींच्या घशातून एक आवाज निघाला, तो मी लिहू शकत नाही. त्या दांड्याखालून अंग सोडवायला लागल्या. मी त्यांना कमरेला मिठी घालून धरलं. पाळणा माथ्यावर होता.

चौथ्या फेरीला ती दिसली. बाळाभोवती गुडघे टेकून, दोन्ही हात जमिनीवर रोवून, ती बाळावर छत्रीसारखी वाकली होती. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांचे धक्के तिच्या पाठीला लागत होते. बाळाला मात्र तिचं एक बोटही लागलेलं नव्हतं.

चाचानं पाळणा थांबवला. मावशी उतरल्या त्या कठड्याला धरून तिथेच बसल्या. ओकल्या. त्यांचे हात इतके थरथरत होते की मी दिलेली पाण्याची बाटली त्यांना धरता येईना. मी बाळाला उचललं. अश्विनी जवळ आली आणि आईच्या हातांकडे बघत उभी राहिली.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘माहे हात असेच थरथरते. त्याले घेतलं की. वाटते आता सुटते, आता पडते.’’

मावशींनी वर पाहिलं. ‘‘वर मले होत होतं, तसं?’’

‘‘हो.’’

‘‘घेतल्यावरच?’’

‘‘नाही. दिवसभर. झोपीतबी. म्हनून हात दाबून बसतो मी.’’

 मावशींनी तिचे हात आपल्या हातांत घेतले. चारही हात हलत होते. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, ‘‘ताई, त्या डॉक्टरचं पुन्हा लिवा.’’

दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण नीट समजावून सांगणाऱ्या. बाळंतपणानंतर काही बायकांना असं होतं. वेड नव्हे, आजार आहे. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर हिला एकटं सोडू नका आणि बाळाला हिच्यापासून तोडू नका. मी सगळं लिहून घेतलं. मावशींनी एवढंच विचारलं, ‘‘दसऱ्यापर्यंत नाही होत काय बाई?’’ दसऱ्याला पाच दिवस होते.

विहीणबाई बोलल्याप्रमाणे आल्या. सोबत जावई, तो दाराबाहेरच उभा. बाळ मावशींकडे होतं, आणि या वेळी मावशींनी काहीच लपवलं नाही.

‘‘पोरगी बिमार हाय. दवाई चालू केली. ताईच्या कागदावर समदं लिवलं हाय.’’

‘‘आमचं घर म्हंजे दवाखाना हाय का? आना लेकरू इकडं.’’

‘‘लेकरू न्या. पोरीलेबी न्या. आन् मलेबी न्या.’’

  आमच्याकडे मुलीची आई मुलीच्या सासरी मुक्काम करत नाही. मावशींनी अश्विनीच्या लग्नापासून तिथलं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

‘‘इवाइनीच्या घरी राह्यसान? लोक हासतीन.’’

‘‘हासू द्या. तुमची भांडी घासतो, सैपाक करतो. न्हानीत झोपतो म्हना तं झोपतो. पन या दोघायले अलग करू नोका.’’

दाराबाहेरून जावई पहिल्यांदाच बोलला. ‘‘आई, येऊ दे त्याइले.’’

मावशींचा राजीनामा मी लिहिला, त्यांनी खाली अंगठा उमटवला. त्या गोष्टीला आता आठ महिने झाले. मदतनीसाची जागा रिकामी आहे. खिचडी मी करते आणि मुलं ताटात ठेवून जातात. मावशींचा फोन येतो. विहिणीच्या घरात मोकळं बोलता येत नाही, म्हणून मीच विचारते, ‘‘घेते का?’’ त्या ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतात. सुरुवातीला रोज ‘नाही’ होतं. आता कधी हो, कधी नाही. गोळ्या बदलल्या आहेत. 

त्या गेल्या त्या दिवशी मी यवतमाळच्या स्टँडवर सोडायला गेले होते. दिग्रसची गाडी भरलेली. विहीणबाई आणि जावई पुढे बसले, या तिघांना मागची सीट मिळाली. खिडकीजवळ मावशी, मांडीवर बाळ, शेजारी अश्विनी. खिडकीची काच अडकली होती आणि धूळ सरळ बाळाच्या तोंडावर येत होती. मावशींनी दोन्ही हातांनी काच ओढायला सुरुवात केली. जोर लावताना मांडी हलली आणि बाळ अश्विनीच्या बाजूला घसरायला लागलं. मी खालून ओरडणार, तेवढ्यात अश्विनीचा एक हात तिच्या मांडीखालून निघाला आणि बाळाच्या तळपायांखाली गेला. हात थरथरत होता. पण तिनं तो काढला नाही. बाळ त्या हातावर पाय रोवून थांबलं.

काच तोवर लागली होती. मावशींनी मात्र दोन्ही हात काचेवर तसेच दाबून धरले होते. मान वळवली नाही, खाली पाहिलं नाही. गाडी स्टँडच्या बाहेर पडेपर्यंत त्या तशाच, लागलेली काच ओढत बसल्या होत्या.