सुईवर पुडा फुकट

आरोग्य खात्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. तुम्ही तुमचं काम करत असता आणि ते आपले मागे साचत जातात. घरात चार माणसं जमली की नातवंडं म्हणतात, "आजी, ती पिशवीवाली गोष्ट सांग!" मी सांगते, ते हसतात. मी मात्र सांगता सांगता तापते. इतकी वर्षं झाली, राग काही निवत नाही. आणि का निवावा?

आणीबाणी नुकतीच उठली होती. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यात मोडायचं. शेलूबाजारच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात मी नर्स होते. सोबत गवई, त्यांचं काम गावोगाव लस टोचायचं. जीपवर रहीमभाई. आमचे डॉक्टर नुकते पास होऊन आलेले, मनानं चांगले पण वरचा कागद आला की घाम फुटायचा. आणि सगळ्यांच्या डोक्यावर साहेब. साहेबांचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की माझं पित्त उठतं.

*

पहिली गोष्ट हसायची नाही, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मारोती नावाचा पोरगा होता, नववीतला. नामदेवचा एकुलता एक मुलगा. बापासोबत वावरात गेला आणि कापलेल्या तुरीचं टोकदार धसकट पायात घुसलं. पायात चप्पल नव्हती. त्या शाळेत कुणाच्याच पायात नसायची. घरच्यांनी काटा काढावा तसं ते काढलं, जखमेवर तंबाखू दाबली आणि विसरले. काही दिवसांनी पोराचा जबडा मिटला तो उघडेचना. आमच्याकडे आणला तेव्हा पाठ धनुष्यासारखी ताणलेली होती. रहीमभाईनं अकोल्याकडे जीप पळवली, पण अर्ध्या रस्त्यातूनच त्याला परत फिरावं लागलं.

डॉक्टरांनी पहिल्यांदाच हिंमत केली आणि वर लिहिलं: हायस्कूलच्या सगळ्या पोरांना धनुर्वाताची सुई द्या. लस आली, म्हणजे पोरगा गेल्यानंतर आली!

आणि लस आली तर पोरं येईनात. कशी येतील? गेल्याच वर्षी याच खात्याच्या जीपनं भर बाजारातून माणसं उचलून नसबंदीच्या कॅम्पला नेली होती. जीपचा आवाज आला की बापे अजून पऱ्हाटीच्या उभ्या पिकात लपायचे. आता तीच जीप शाळेसमोर उभी!

मी साहेबांना म्हटलं, "लोकांना नीट समजावून सांगावं लागेल. घरोघर जावं लागेल."

साहेब हसले. "सिस्टर, लोकांना कारण नको असतं, बक्षीस हवं असतं. इन्सेन्टिव्ह! सुई घ्या, वस्तू घेऊन जा. बघा कशी रांग लागते."

*

साहेबांचं पहिलं इन्सेन्टिव्ह आलं: कापडी पिशव्या. मजबूत, लांब पट्ट्याच्या, दप्तर म्हणून पोरांना उपयोगी पडतील अशा. गवईंनी गठ्ठा सोडला आणि तसाच परत बांधायला घेतला.

प्रत्येक पिशवीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण!

नसबंदीच्या कॅम्पमध्ये वाटून उरलेला माल साहेबांनी शाळेकडे वळवला होता. गवई म्हणाले, "साहेब, हे वाटलं तर लोक आमाले गावात टिकू देनार नाईत." साहेब म्हणाले, "कापड बघा ना, कापड! त्रिकोणाकडे काय बघता?"

शाळेत पहिल्या पोराला सुई दिली. तो गळ्यात पिशवी अडकवून ऐटीत फाटकाबाहेर गेला. फाटकासमोर विहीर, विहिरीवर बाया. एकीनं पिशवी पाहिली आणि हातातली घागर टाकून बोंब मारली, "माय वं! शाळेतच कापून राह्यले पोट्टे!"

गाव आलं. पोरांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. हेडमास्तर ओरडत होते, "घाबरू नका! शिस्तीत बसा!" आणि खिडकीतून सगळ्यात आधी उडी मारणारा पोरगा हेडमास्तरांचाच होता.

*

साहेबांना कळवलं. वाटलं, आता तरी पिशव्या परत मागवतील. साहेबांचा निरोप आला: "त्रिकोण पुसा."

तो पक्का रंग, पुसेल कसा? डॉक्टरांनी डोकं चालवलं. आमच्याकडे एकच रंग होता, तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध. मी आणि गवई अख्खी दुपार बसून त्रिकोणांना जांभळं औषध फासत होतो. रोगी बाहेर ताटकळलेले, आणि आम्ही पिशव्या रंगवतोय! ही आमची सरकारी नोकरी!

दुसऱ्या दिवशी पिशव्या घेऊन शाळेत गेलो. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं पिशवी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि निवाडा दिला.

"लालवाला बापाचा होता. हा जांभया पोट्ट्याचा!"

त्या दिवशी शाळेत आम्ही आणि हेडमास्तर एवढेच होतो.

*

मग बिस्किटं आली. ग्लुकोजचे पुडे, वर शिक्का: 'विक्रीसाठी नाही'. यावर त्रिकोण नव्हता, म्हणून आम्ही देवाचे आभार मानले. मी बुद्धाची लेक, पण त्या दिवशी मीही मानले.

काही पोरं यायला लागली. त्यात सातवीतला एक, जना. अंगात बापाचा सदरा, गुडघ्यापर्यंत. सुई घेतली, पुडा घेतला, गेला. थोड्या वेळानं पाहते तर रांगेत पुन्हा उभा!

म्हटलं, "जना, तुला आत्ताच टोचलं ना?"

त्यानं सदऱ्याची दुसरी बाही वर केली. "बाई, ह्या हाताले टोचा ना! हा हात तं रिकामाच हाय."

गवई हसले. मग मी पाहिलं की पहिला पुडा त्याच्या खिशात तसाच आहे, न फोडलेला. विचारलं तर म्हणाला, "थो लहान्या बहिनीचा हाय. हा माहा."

मी त्याला सुईशिवाय दुसरा पुडा दिला. साहेब त्याच दिवशी तपासणीला आले होते. त्यांनी पाहिलं आणि सगळ्यांसमोर मला झापलं, "सुई नाही तर पुडा नाही! पोरांना फुकटाची सवय लावता?"

म्हटलं, "साहेब, सवय भुकेची आहे. ती मी लावलेली नाही."

 त्या वर्षी माझी रजा मंजूर झाली नाही.

*

आठवडा संपायच्या आत पुडे संपले. वरून उत्तर आलं, तुमच्या वाट्याचा माल तुम्हाला मिळाला आहे. एवढासाच? डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या सिस्टर.

मी आणि रहीमभाई लसीचा बर्फ आणायला मंगरूळपीरला गेलो. बस स्टँडजवळ चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं चहासोबत बशीत बिस्किटं आणून ठेवली, आणि शेजारच्या टेबलासाठी नवा पुडा आमच्यासमोरच फोडला. वर शिक्का: 'विक्रीसाठी नाही'.

रहीमभाई पाहतच राहिला. "बाई, ये तो अपनाच माल है!"

हॉटेलवाला कौतुकानं म्हणाला, "घ्या ना बाई, सरकारी हायत! आमच्या भाऊजीच्या हापिसातून येतात. एकदम ताजे!"

भाऊजी कोण ते मी विचारलं नाही. चहा तसाच ठेवून उठले.

*

एवढं सगळं मुलांसाठी. मुली? हेडमास्तर म्हणाले, "मुलींचं नंतर बघू. त्या काय, घरातच असतात."

घरातच! कापूस वेचायला अनवाणी कोण जातं? हेडमास्तरांच्या वावरातला कापूससुद्धा त्याच मुली वेचायच्या, शाळा बुडवून!

मी हे बोलायच्या आत दारातून आवाज आला, "गुरुजी, धसकटाले कसं समजते, पाय पोट्ट्याचा हाय का पोट्टीचा?"

आठवीतली कमल होती, मारोतीची बहीण. नामदेवच्या घरात आता तेवढंच एक लेकरू उरलं होतं.

हेडमास्तर तिच्यावर खेकसले. पण दुसऱ्या दिवसापासून मुलींची रांग लागली. त्या रांगेत कमल तेवढी नव्हती.

*

मी तिच्या घरी गेले. नामदेव अंगणात दोरी वळत होता. मला पाहून उठला नाही, बस म्हणाला नाही. त्याला बाजारातून उचलून नेलं होतं, तेव्हा मारोती जिवंत होता. दोन लेकरं आहेत, पुरे झाली, असं सांगून त्याची नस कापली आणि हातात एक बादली देऊन परत पाठवला. वर्षभरात मारोती गेला.

मी म्हटलं, "नामदेवभाऊ, कमलला सुई द्यायची आहे."

"मारोतीले काहून नाई देल्ली?"

"तेव्हा नव्हती. यायला पाहिजे होती, पण आली नाही." दुसरं काय सांगणार होते? खोटं बोलायची मला लाज वाटली.

तो दोरी वळत राहिला. मग म्हणाला, "चांगली असते का, थे सुई?"

"चांगली असते. मारोतीला मिळाली असती तर तो आज शाळेत असता."

"मंग तिच्यासंगं बिस्किटं काहून देल्ली?"

त्यानं दोरीचा पीळ घट्ट केला.

"बाई, चांगल्या गोष्टीले कोनी बक्षीस लावत नाई. मले तुमी एक डाव बक्षीस देल्लं. आता पोरगी बाकी हाय, तिले नोका देऊ."

मी उठले. वाटेत बांधालगतच्या वावरात तुरीची कापणी झालेली होती, धसकटं उभी होती. त्यांच्यामधून कमल डोक्यावर भारा घेऊन येत होती, अनवाणी. तिनं मला पाहून मान हलवली, काय झालं म्हणून. मी मान हलवून नाही म्हटलं. त्या दिवशी मला साहेबांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी कुणाचा आला नाही.

*

महिन्यानं दुसऱ्या सुईचा दिवस आला. साहेब स्वतः आले होते, सोबत फोटोवाला. बक्षीस वाटतानाचा फोटो काढून वर पाठवायचा होता. टेबलावर नवी चादर, तिच्यावर साहेबांनी फोटोसाठी आणलेल्या पुड्यांची रास.

रांगेतली पोरं दाराकडे वळली म्हणून मी वर पाहिलं. दारात नामदेव उभा होता. मागे कमल. नामदेवच्या हातात बादली होती.

तो सरळ टेबलापाशी आला आणि त्यानं बादली पुड्यांच्या राशीवरच ठेवली. बादली कोरी होती. आत पाण्याचा डाग नाही, कडेवरची चिठ्ठी तशीच चिकटलेली, तिच्यावरचा लाल त्रिकोणसुद्धा तसाच. त्या घरात पाणी भरायला फुटका माठ होता, हे मी स्वतः पाहिलं होतं.

"हे घ्या तुमची बादली," नामदेव म्हणाला. "आता पोरीले टोचा. बिस्किटं नोको, फोटू नोको. नुसती सुई द्या."

साहेब गोंधळले. फोटोवाल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग साहेबी आवाजात म्हणाले, "अहो, असं कसं? दिलेली वस्तू खात्याला परत घेता येत नाही!"

नामदेवनं बादलीवरचा हात काढला नाही.

"बरं," तो म्हणाला. "मंग माही वस्तू वापस द्या."

 गवईंनी उकळलेली सुई चिमट्यानं उचलली आणि माझ्याकडे दिली. कमल बाही वर करून उभीच होती.