कॉम्प्युटरमधला सूर्य आणि शोभाक्का

शोभाक्काला मी दवाखान्यात भेटले, ती आमची शेवटची भेट ठरेल असं वाटलं नव्हतं. नाकात नळी, हाताला सलाईन आणि बाईसाहेबांचं सगळं लक्ष खोलीच्या दाराकडं. "हे बघ, उघडलं की कॉटला धडकतंय. दुसऱ्या अंगाला उघडायला पायजे होतं," म्हणाली. मी म्हटलं, "अक्का, तू आधी बरी हो, मग दवाखाना पाडून नवा बांध." तर म्हणे, "पाडायचं काय काम? बिजागऱ्या बदलल्या की झालं." दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या करत होते, तेवढ्यात तिच्या यजमानांचा, म्हणजे आमच्या दादांचा, फोन आला. दादा नुसतं "शोभा..." म्हणाले आणि मला कळलं.

शोभाक्का माझी थोरली जाऊ. माहेर फुलंब्रीकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. लहानपण सगळं कळपामागं रानात गेलेलं, तरी हट्टानं दहावी झालेली. मी लग्न होऊन आले तेव्हा शहराच्या कडेला, चिकलठाण्याला दोन खोल्यांत आम्ही सगळे राहत होतो. ती सगळी वर्षं दुष्काळाची. टँकर कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळं जेवायला बसायच्या जागेत पाण्याचे ड्रम आणि ड्रमांच्या मधून वाट काढत आम्ही. बाहेर मात्र शहर नुसतं पसरत सुटलं होतं. काल जिथं ज्वारी होती तिथं आज प्लॉटचे दगड. दादांनीही एक प्लॉट घेतला, आणि घर बांधायचं ठरलं तसा गुत्तेदार एक नकाशा घेऊन आला. त्या गल्लीतली सगळी घरं त्याच नकाशाची. अंगण नाही, टाकी नाही, सगळा प्लॉट भरून टाकलेला. अक्कानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "ह्या घरात ड्रम कुठं ठिवायचे?" गुत्तेदार हसला. "वहिनी, तुम्ही किचनचा रंग सांगा, बाकीचं आमच्यावर सोडा." बस्स. त्या हसण्यानं सगळं सुरू झालं.

दादांच्या कंपनीनं जुने कॉम्प्युटर काढून टाकले होते, त्यातला एक आमच्याकडं धूळ खात पडला होता. घराचे नकाशे काढायचं, घर उभं करून दाखवायचं एक सॉफ्टवेअर फुकटात मिळतं असं अक्काला कुठूनसं कळलं, आणि तिनं ते त्यात घालून घेतलं. शिकवणारं कोणी नाही. क्लासला जायचं तर दुपारचं पाणी कोण भरणार? मग इंटरनेटवरचे व्हिडिओ. बोलणारा गोरा माणूस झरझर इंग्रजी फेकायचा, अक्का त्याला मध्येच थांबवायची, त्याच्या पडद्यावरच्या बाणाकडं टक लावून बघायची आणि आपला बाण तिथं न्यायची. त्यातल्या शब्दांना तिनं स्वतःची नावं ठेवली होती. नको ती रेघ काढून टाकणं म्हणजे 'छाटणं', भिंत उभी करणं म्हणजे 'उचलणं', आणि चार वस्तू एकत्र बांधणं म्हणजे 'कळपात घालणं'. "खिडक्या कळपात घातल्या गं!" असं ती ओरडली की मी स्वयंपाकघरातून "छान झालं" म्हणायचे. कळायचं काही नाही.

फजित्याही कमी झाल्या नाहीत. चार-चार दिवस एक भिंत उठायला तयार नव्हती. नकाशा बरोबर, मापं बरोबर, पण उचलायला गेलं की काही हालत नव्हतं. अक्का रडकुंडीला आली होती. आणि एका दुपारी पाणी भरता भरता हातातली घागर खाली ठेवून आत पळाली. चित्र मोठं मोठं करत गेली तेव्हा एका कोपऱ्यात केसाएवढी फट सापडली. "वाघुरीला भोक असलं की मेंढरं ऱ्हातेत का आत? तसंच हाय हे. रेघ जुळल्याबिगर भिंत हुबी ऱ्हात नाय!" वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ते जाळं. तिकडं टँकर निघून गेला आणि आमचा एक ड्रम रिकामाच राहिला, पण भिंत उभी राहिली. मला राग आला होता, तरी तिचं तोंड पाहून मीही हसायला लागले.

होता होता तिचं घर तयार झालं. फाटकाशी जमिनीत टाकी, म्हणजे टँकरचा पाइप थेट तिथं. छतावर पडेल ते पाणीही त्याच टाकीत. मधोमध अंगण आणि त्याच्या दक्षिणेला उंच जिना, भर दुपारी अंगणावर सावली पडावी म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये महिना आणि वेळ टाकली की ऊन-सावली दिसते, हा तिचा सगळ्यात लाडका खेळ. भूमिपूजन चार दिवसांवर आलं होतं. त्याआधी गुत्तेदार घरी येणार आणि कोणता नकाशा घ्यायचा ते ठरणार होतं. मी कौतुकानं बघत होते. पडद्यावर मे महिना, दुपारचे बारा, अंगणात गार सावली.  आणि अक्कानं एकदम, मापासाठी चित्रात फाटकाशी उभ्या केलेल्या माणसाकडं बोट दाखवलं. त्याच्या पायाशी चांगली हातभर सावली होती.

"खोटं हाय हे," ती म्हणाली. "मे म्हयन्यात बारा वाजता सावली पायाखाली असती. मेंढरं एकमेकीच्या पोटाखाली डोस्की घालून हुबी ऱ्हातेत, कारण सावलीच नसती कुठं. हा आपला सूर्य नाय."

खरंच नव्हता! घर आमचं चिकलठाण्याचं आणि सूर्य त्या व्हिडिओवाल्याच्या गावचा. सॉफ्टवेअरला आपलं ठिकाण आधी सांगावं लागतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. अक्कानं शोधून शोधून ठिकाण बदललं आणि बघता बघता अंगणातली सगळी सावली पुसली गेली. इतक्या महिन्यांचं घर उन्हात तापत पडलं. मला वाटलं, आता ही कॉम्प्युटर उचलून बाहेर टाकते. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "दोन दिवस चूल तू बघ."

गुत्तेदार आला तेव्हा कलतं ऊन अडवायला जिना पश्चिमेला गेला होता आणि ओसरीचं छप्पर पुढं आलं होतं. अक्कानं सगळ्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं. तिनं बाणानं एकेक खोली दाखवली. गुत्तेदार म्हणाला, "चित्रात सगळंच भारी दिसतं, वहिनी."  तिनं चित्रातल्या अंगणात एक खाट ठेवली आणि वेळ पुढं सरकवायला लागली. एक वाजला, दीड, दोन... जिन्याची सावली हळूहळू उतरत आली आणि खाटेवर पसरली. आमचे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, त्यांनीही जन्मभर मेंढरं राखलेली. ते पुढं वाकून म्हणाले, "ही खाट माझी का?"

"व्हय मामा, तुमचीच."

"मंग हेच बांधा." आणि गुत्तेदाराकडं वळून, "तुला जमंल ना रं?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सासऱ्यांसमोर कशा वाजवणार? पण आत जाऊन एक ताटली जोरात वाजवली. तेच घर उभं राहिलं, आणि पुढं तोच गुत्तेदार नव्या लोकांना घेऊन अक्काकडं यायला लागला. फुलंब्रीपासून जालना रोडपर्यंत तिनं किती घरं काढली, मोजलं नाही. येणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "दुपारचं कुठं बसता?"

ती गेली ती ऐन मे महिन्यात. तेराव्याला माणसं लोटली. तिनं ज्यांची घरं काढली होती, त्या बाया कुठून कुठून आल्या होत्या. मांडववाला कापड आणि बांबू घेऊन आला आणि अंगणात खड्डे कुठं करू म्हणून विचारायला लागला. दादा त्या दिवसापर्यंत कुणाशी धड बोलले नव्हते. ते उठले, अंगणाच्या मधोमध उन्हात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नको. पंगत दोनला बसवू. तवर शोभाची सावली येती."

मांडववाला माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला बांबू परत न्यायला सांगितलं. दोन वाजता सगळी पंगत सावलीत बसली होती.