गल्लीत फायबर आलं

आज आमच्या गल्लीत माणसं खांबावर चढून इंटरनेटची फायबर केबल ओढत होती. आत्या फाटकाशी उभी राहून बघत होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. नागपूरची तिची शाळेतली मैत्रीण सुशीलाही तशीच. दोघी व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलायच्या, पण चित्र अडकायचं आणि सुशीलाचे हात अर्ध्या वाक्यात थांबायचे.

"काय म्हणाली ती?" आत्या मला खुणेनं विचारायची.

"फायबर येऊ दे, मग पोटभर बोला," मी खुणेनंच सांगायचो. दोन वर्षं हेच सांगत राहिलो. वाट बघताना काही करावं लागत नाही, म्हणून ते सोपं वाटतं.

गेल्या महिन्यात सुशीला गेली.

"आता चित्र अडकणार नाही ना?" आज केबलकडे बोट दाखवून आत्यानं खुणेनं विचारलं.

मी 'नाही' अशी खूण केली. नागपूर इथून एसटीनं जेमतेम चार तास. आत्याला एकदा घेऊन जावं, हे मला सुचलंच नव्हतं.