नंदनदादाचं पिस्तूल आणि बहरैनमधले चार दिवस

बहरैनला लोक बहुतेक नोकरीसाठी जातात. मी गेले ती नवरा-बायकोच्या भांडणात पंच म्हणून.

नंदनदादा माझा मावसभाऊ, बहरैनमध्ये जुफैरला राहतो, इंजिनिअर आहे. पुढच्या वर्षी नोकरी सोडून कायमचा परत यायचा त्याचा बेत आहे. मुळशीकडे डोंगराच्या पायथ्याशी प्लॉट घेऊन ठेवलाय, बंगल्याचा नकाशाही तयार आहे. शेजार मात्र शून्य. म्हणून आल्या आल्या त्याला पिस्तुलाचा परवाना काढायचाय. केतकीवहिनीचं म्हणणं एका वाक्यात संपतं: "घरात पिस्तूल आलं तर मी त्या घरात येणार नाही." आणि वहिनी उगाच बोलायचं म्हणून बोलणाऱ्यातली नव्हे. दोघांचा अबोला सुरू झाला तेव्हा दोघांनीही वेगवेगळे फोन करून मला बोलावून घेतलं. मी नाशिकला दातांची डॉक्टर आहे, पण सुट्टी मिळाली की विमानातून उड्या मारते, पॅराशूट बांधून, रीतसर लायसन्स घेऊन. त्यामुळे धोका हा विषय मला कळतो असा दोघांचा समज, आणि मी आपल्याच बाजूने बोलणार याची दोघांनाही खात्री!

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी कामाचं आधी सांगते. मुंबईहून थेट विमान आहे, एक सिनेमा आणि एक डुलकी झाली की पोचतोच. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, परतीचं तिकीट आणि राहायचा पत्ता तेवढा हाताशी ठेवा. जानेवारीत जा, संध्याकाळी हलका स्वेटर लागतो. उन्हाळ्यात जाऊ नका, कोणी फुकट नेलं तरी. आणि दिनार जपून वापरा. "पाचच तर आहेत" म्हणत मी विमानतळावरच कॉफी आणि केक घेतला आणि मग रुपयांत हिशेब करून केकचा कणन् कण संपवला.

जुफैर म्हणजे उंच इमारती, त्यांच्या पायाशी हॉटेलंच हॉटेलं, आणि फूटपाथवर जगातले सगळे लोक. दादाचं घर विसाव्या मजल्यावर. वहिनीने हमूर माशाचं कालवण केलं होतं, आंबट-तिखट, अगदी आपल्या पद्धतीचं. जेवताना दोघं माझ्याशी भरपूर बोलत होते आणि एकमेकांशी माझ्यामार्फत. "त्याला म्हणावं भात हवा का." दादा समोरच बसलेला! मला हसू आवरेना, पण दोघांपैकी कोणीच हसलं नाही, तेव्हा प्रकरण मला वाटलं त्याहून गंभीर आहे हे कळलं.

दुसऱ्या दिवशी मजा होती. जल्लाकच्या बाजूला उभ्या काचेच्या नळीतून खालून जोराचा वारा सोडतात आणि त्यावर तुम्ही तरंगता. विमान नको, पॅराशूट नको. लहान मुलांपासून आजोबांपर्यंत कोणालाही जमतं, तासाभरात सगळं आटपतं, आणि चार माणसांच्या चांगल्या जेवणाएवढा खर्च येतो. आधी बुकिंग करा, शुक्रवारी झुंबड असते. वहिनी होतीच, शिवाय दादाने त्याच्या ओळखीच्या रिकला बरोबर घेतलं होतं. रिक अमेरिकन, नौदलातून निवृत्त झालेला, आता इथेच कंत्राटी काम करतो, आणि माझ्यासारखाच उड्या मारणारा. वाऱ्यावर त्याने अशा काही कोलांट्या घेतल्या की बाहेर बसलेली पोरं टाळ्या पिटायला लागली.

नंतर करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, घेताना विषय निघालाच. रिकच्या टेक्सासच्या घरी तीन बंदुका आहेत.

"तू उडी मारतेस," तो मला म्हणाला. "उद्या तुमच्या सरकारने सांगितलं, धोका आहे, बंद करा, तर?"

"भांडेन."

"का?"

"माझा जीव, माझी जबाबदारी. मी शिकलेय, सराव केलाय."

"मग माझं वेगळं काय आहे? मोठ्या माणसाला मोठ्या माणसासारखं वागवा, एवढंच मागतो मी."

खरं सांगते, हे तर माझंच बोलणं होतं. आमच्याकडे लग्नाकार्यात कोणीतरी काकू हमखास विचारते, हे नसते उद्योग कशाला गं. तेव्हा मी रिकचंच भाषण मराठीत करते. काळजीच्या नावाखाली दुसऱ्याने माझा निर्णय घ्यावा याची मला मनापासून चीड आहे. म्हणून परतताना गाडीत मी जाहीर केलं, "दादाचं मला पटतंय." दादाने खुशीत रेडिओ लावला. वहिनीने तो बंद केला.

"शलू, मला वाटलं होतं तुला भीती म्हणजे काय ते कळतं," ती एवढंच म्हणाली. ते मला लागलं.

तिसऱ्या दिवशी शूटिंग रेंज. बहरैनमध्ये आपल्यासारख्यांनी घरात पिस्तूल ठेवायचा प्रश्नच येत नाही. रेंजवर जायचं, ओळखपत्र दाखवायचं, त्यांचंच हत्यार वापरायचं, त्यांच्याच हातात परत द्यायचं. वाट हमद टाउनवरून काढली, कारण तिथे दादाचा लाडका नाश्त्याचा ठेला आहे. इथे पत्ता विचारलात तर कितव्या दुवारपाशी, असं सांगतात. दुवार म्हणजे गोल चौक, आणि ते एकामागून एक येतच राहतात. गरम खुबूस रोटी, अंडं-टोमॅटो आणि चहा, अगदी स्वस्तात पोट भरतं. चुकवू नका.

रिकही आला होता. वहिनी येणार नाही असं वाटलं होतं, पण ती आली. "बघू तरी काय आहे ते," म्हणाली. तिथला मार्शल, म्हणजे रेंजवर लक्ष ठेवणारा माणूस, युसुफ नावाचा बहरैनी, तोडकंमोडकं हिंदी बोलणारा. त्याने नियम सांगितले: नळी कायम समोर, बोट चापाच्या बाहेर, पिवळ्या रेषेच्या मागे बाकीचे. कानावर ते मोठे हेडफोन चढवले.

मी आधी गेले. आवडलं मला, लपवत नाही. छोटंसं पिस्तूल, पण हाताला झटका बसतो आणि समोरच्या कागदाला भोक पडतं, त्यात काहीतरी समाधान आहे. मग दादा. पहिल्या गोळ्या कुठे गेल्या देव जाणे, पुढची थेट मध्यभागी! माझा एकावन्न वर्षांचा भाऊ शाळकरी पोरासारखा हरखून गेला. आणि त्याला इतकं खूश बघून वहिनीच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं. तिने मोबाइल काढला.

"नंदन, इकडे बघ! फोटो!"

आपल्या घरांत ही हाक आली की माणूस हातात असेल ते घेऊन वळतो. पोळपाट, बाळ, क्रिकेटची बॅट. दादा पिस्तूल घेऊन वळला. हसत. नळी आधी माझ्यावरून गेली, मग वहिनीवर थांबली.

युसुफने झेप घेऊन त्याचं मनगट वर ढकललं. "खलास! खलास!" तो ओरडला, अरबीत म्हणजे बस, थांब.

"अरे, रिकामं आहे," दादा चिडून म्हणाला. "सगळ्या झाडल्या मी."

युसुफने पिस्तूल काढून घेतलं, नळी समोर करून वरचा सरकता भाग मागे ओढला. एक गोळी बाहेर पडली आणि टेबलावरून घरंगळत गेली.

मी वहिनीच्या दंडाला धरून तिला बाहेर नेलं.

बाहेर बाकावर बसलो. कोणीतरी पाणी आणून दिलं. मला वाटलं, आता वहिनी बोलणार, बघ, सांगत होते ना. तिला नुसतं तेवढंच म्हणायचं होतं आणि भांडण कायमचं तिच्या बाजूने संपलं असतं.

ती म्हणाली, "हाक मी मारली."

"वळलो मी," दादा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "केतू, मला खात्री होती गं. शंभर टक्के."

रिक घसा खाकरत म्हणाला, "नवशिक्यांचं होतं असं. नीट शिकला की नाही होत."

"मला नीट शिकवलंय," मी म्हटलं. "तरी दर उडीआधी विमानात मी पाठ दुसऱ्याकडे करते आणि तो माझ्या पॅराशूटच्या पिना बघतो. तो कालच शिकलेला नवखा असला तरी बघतो. तू पण करतोस ना?"

"अर्थात."

"आणि घरी? तुझ्या बंदुका कोण बघतं?"

तो वाद घालणारा माणूस, पण या वेळी नुसता हसला, जरा ओशाळून. "मी एकटाच राहतो," म्हणाला.

तिथे मला रिकच्या कालच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. परवाने कोणाला द्यावेत यावर देशोदेशीची सरकारं भांडत राहतील आणि रिकच्या हक्काच्या मुद्द्यात अजूनही मला खोट काढता येत नाही. पण मी चुकले तर जमिनीवर मी आपटते. दादा चुकला असता तर तो धडधाकट उभा राहिला असता आणि वहिनी गेली असती. या दोन्हीला एकच शब्द वापरून आदल्या दिवशी मी निकाल देऊन मोकळी झाले होते. गाडीत मी वहिनीची माफी मागितली आणि दादाला म्हटलं, "माझं मत मागे घेतेय." "मत कोण मागतंय आता," तो म्हणाला आणि सावकाश गाडी चालवत राहिला.

चौथ्या दिवशी किल्ला पाहिला, समुद्राकाठचा, संध्याकाळी जा. बाजारातून हलवा घेतला, तो बॅगेत गळतो, दोन पिशव्यांत बांधा. विमानतळावर दोघंही सोडायला आले आणि थेट एकमेकांशी भांडले, गाडी कुठे लावायची यावरून. मला फार बरं वाटलं.

नाशिकला येऊन महिना झाला. परवा वहिनीचा फोन आला.

"परवान्याचं काय?" मी विचारलं.

"नाही काढत. कुंपण उंच करतोय आणि दोन कुत्रे पाळणार. नावं ठरवताना भांडण चाललंय."

"म्हणजे तू जिंकलीस."

"छे गं. तुला ती सवय माहितीये ना त्याची, मी दाराला कडी लावली की हा उठून परत बघतो? पंचवीस वर्षं त्यावरून मी चिडत आले, माझ्यावर विश्वास नाही म्हणून."

"मग?"

"आता तो बघून आला की मी उठते आणि पुन्हा बघते. कोणी कोणाला काही बोलत नाही. मग झोपतो."