नवाबचाचांच्या चिठ्ठ्या

मुकुंदवाडीच्या नवाबचाचांना दगडवेडा म्हणणारे पुष्कळ होते. मी त्यांतला नव्हतो. मी त्याहून वाईट निघालो.

पोलीस ॲक्शनआधी, निजामाच्या राज्यात, ते तहसीलीत उर्दूतले कारकून. पुढं दफ्तराची भाषा बदलली आणि मोत्यासारखं अक्षर असलेला हा माणूस सुरुंगवाल्यांच्या हाताखाली विहिरी खोदायला गेला. काळा पाषाण फुटला की आत कधी पोकळी लागायची आणि तिच्यात स्फटिक. बाकीचे ते ढिगाऱ्यात फेकायचे. चाचा चाकूनं ओरखडा काढून, जिभेला लावून, टवका चुलीवर तापवून त्याची जात ओळखायचे. मग तिथल्या तिथं दगडाला चिठ्ठी डकवायचे: गाव, विहीर कुणाची, किती हातांवर सापडला. अर्थात उर्दूत. पत्ता गेला की ती नुसती गारगोटी, असं म्हणायचे.

म्हातारपणी त्यांनी चारशे दगड आमच्या कॉलेजला फुकट दिले. अट एकच, चिठ्ठी काढायची नाही. मी पुंजाराम, तिथल्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेतला शिपाई. अट माझ्यासमोरच ठरली होती.

पुढं तपासणीची समिती यायची ठरली. विभागाचे नवे साहेब कपाटापुढं नाक मुरडून म्हणाले, "हे मळके कागद कशाला? वाचता तरी येतात का कुणाला?"

मला येत नव्हते. मी मान डोलावली. टबात साबणाचं पाणी केलं, दगड दिवसभर भिजवले, ब्रशनं घासले. सगळे लखलखले. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी हुरळलो, सांगायला लाज वाटते.

शुक्रवारी नमाज उरकून चाचा नेहमीसारखे आले. मोतीबिंदूमुळं त्यांना नीट दिसत नव्हतं. पुण्याचा एक संशोधक त्या चारशेंतला एक हिरवा स्फटिक, अपोफिलाइट, हातात घेऊन त्यांचीच वाट पाहत होता. तसला दगड त्यानं दुसरीकडं पाहिला नव्हता.

"कोणत्या विहिरीतला हा?"

चाचांनी दगड चाचपला, मग जिभेला लावला.

"साबण लागतोय. धुतला का रे पुंजाराम?"

"व्हय चाचा. समदेच."

"चिठ्ठ्या?"

"मोरीत गेल्या."

"तीस बरस विहिरींत उतरलो. चाळीस नावं याद असतील. बाकी कागजावर होती, म्हणून तर लिहिली होती."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दगड माझ्याच हातात दिला आणि भिंत धरून बाहेर पडले. परत कधी आले नाहीत.

साहेबांनी नव्या चिठ्ठ्या टाइप करून घेतल्या. चारशे दगड, चारशे चिठ्ठ्या, सगळ्यांवर एकच मजकूर: 'ठिकाण अज्ञात.' खळ लावून मीच डकवल्या. या मला वाचता येत होत्या.