इरण्णाची पावडर, माझं उत्तर

माझं शेवटचं पोस्टिंग सोलापूरला आलं. एनसीसी बटालियनमध्ये पीआय स्टाफ, म्हणजे कॉलेजच्या कॅडेटना ड्रिल आणि हत्यार शिकवणारे फौजी. एकवीस वर्षं बर्फ आणि वाळू बघून झाल्यावर घरापासून अर्ध्या तासावर नोकरी मिळाली, तेव्हा बायकोला खरंच वाटेना. मी हवालदार. माझ्या हाताखाली नाईक इरण्णा, गाव वळसंग. घरी कानडी, बाहेर मराठी, रागावला की दोन्ही एकदम. मला तो उस्ताद म्हणायचा. फौजेत शिकवणाऱ्याला तसंच म्हणतात.

०५३० ला पीटी, ०८०० ला फॉल-इन, म्हणजे हजेरीची रांग, दुपारी स्टोअर आणि कागद. त्या उन्हाळ्यात इरण्णाचं नाव प्रमोशन कॅडरला, म्हणजे बढतीच्या कोर्सला आलं. पास झाला की हवालदार. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक बीपीईटी, म्हणजे पाठीवर पिठ्ठू आणि हातात रायफल घेऊन वेळेत काढायची पाच किलोमीटरची दौड. दुसरी मेडिकल कॅटेगरी शेप-वन, म्हणजे शरीर ठणठणीत असल्याचा शिक्का. डॉक्टरने काही खोट काढली की माणूस ‘लो मेडिकल’. फौजी गोळीला जेवढा भीत नाही, तेवढा या दोन शब्दांना भितो.

इरण्णाला बीपी निघालं होतं. मिलिटरी डॉक्टरकडे गेला असता तर कागदावर आलं असतं. म्हणून तो शहरातल्या एका खासगी डॉक्टरकडे गेला आणि धंदा विचारल्यावर ‘शेती’ सांगून आला. डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली आणि पंधरा दिवसांनी रक्त तपासायला बोलावलं. हा गेलाच नाही. हे त्याने फक्त मला सांगितलं.

“उस्ताद, तेवढं पोटात ठेवा. कॅडर झालं की मी आपणहून सांगतो की.”

“ठेवतो,” मी म्हणालो. साथीदाराचं गुपित सांभाळणं हे मला तेव्हा मर्दपणाचं वाटलं. आज त्याची लाज वाटते.

दौडीच्या सरावात त्याच्या पोटऱ्यांत पेटके यायला लागले. कुणीतरी जिममध्ये त्याला पोटॅशियमची पावडर सुचवली. रोज एक चमचा पाण्यात. आठवड्याभरात त्याचे पाय जड पडायला लागले. त्याला वाटलं, अजून कमी पडतंय. त्याने दोन चमचे केले, मग तीन.

“जास्त होत नाही ना?” मी एकदा विचारलं.

“लई झालं तर लघवीतनं जातंय. मिनरल हाय, औषध थोडंच हाय?”

मलाही ते पटलं. क्षार म्हणजे मिठासारखं काहीतरी, त्याने काय होणार?

सरावाची शेवटची दौड. ०६३० ला आठ जण सुटले. त्या वेळीही सोलापूरचा डांबरी रस्ता गरम होता. मी फिनिश लाइनवर स्टॉपवॉच घेऊन उभा. ०६५२ ला वॉकी-टॉकीवर चौथ्या किलोमीटरवरून आवाज आला. टायगर म्हणजे मी.

“टायगर, एक जवान डाउन. इरण्णा. ओव्हर.”

“होश? ओव्हर.”

“होश आहे. उभा राहत नाही. ओव्हर.”

जिप्सी घेऊन तीन मिनिटांत पोचलो. त्याला सावलीत घेतलं होतं. घाम बेसुमार. “पाय उचलंना उस्ताद,” एवढंच बोलला. ऊन लागलं असं समजून मी इलेक्ट्रोलाइटचं पाणी कालवलं आणि माझ्या हाताने दोन ग्लास त्याला पाजले. त्या पाण्यातही पोटॅशियम असतं, हे मला नंतर कळलं.

०७२४ ला दवाखान्यात. ड्यूटीवर तरुण डॉक्टरीणबाई होत्या. पहिला प्रश्न त्यांनी तोच विचारला.

“कसल्या गोळ्या, पावडर, टॉनिक चालू आहे?”

इरण्णाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “नाही.”

०७३८ ला ईसीजीचा कागद बाहेर आला. तो बघून बाईंचा चेहरा बदलला. “पोटॅशियम फार चढलेलं दिसतंय. मला खरं सांगा.” तेव्हा मी सगळं ओकलो. बीपीची गोळी, पावडर, तीन चमचे, दोन ग्लास. बाई इंजेक्शन भरता भरता बोलत होत्या. बीपीची ती गोळी पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही. वरून पावडर. त्यात उन्हातली दौड, किडनीला पाणी कमी. आधी स्नायू ढिले पडतात, मग हृदय. त्यांनी हातचं काही राखलं नाही. ०८१५ ला इरण्णा गेला. चौतीस वर्षांचा होता.

माझी चौदा मिनिटं त्याला वाचवू शकली असती का, हे मी बाईंना विचारलं. “सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे फौजेच्या चौकशीत, मी यातलं काही लपवलं नाही.

विधी झाल्यावर वळसंगला गेलो. त्याची बायको महादेवी ओट्यावर बसली होती.

“भाऊजी, तुमाला ठावं व्हतं?”

“व्हय.”

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, “त्यांनी लपवलं, तुमी झाकलं. आता तरी उघड बोला. त्यांचं नाव घिऊन बोला.”

दुसऱ्या दिवशी ०८०० च्या फॉल-इनला मी सुभेदार साहेबांकडून दोन मिनिटं मागितली आणि घडलं तसं सांगितलं. मग टेबल पुढे ओढलं.

“जो जे खातो, ते इथे ठेवायचं. गोळी, पावडर, सप्लिमेंट. नाव लिहून. सगळं मिलिटरी डॉक्टरकडे जाईल.”

कुणी हलेना. शेवटी सुभेदार साहेबांनी स्वतःच्या खिशातून कॅल्शियमची पट्टी काढून टेबलावर ठेवली. मग रांग लागली. निम्म्या गोष्टी जो तो कुणाला न विचारता घेत होता. आमचा एक लान्स नाईक कित्येक महिने झिंकच्या डबल गोळ्या खात होता. तपासणीत त्याच्या अंगातलं तांबं घसरलेलं निघालं, त्याच्या पायाला मुंग्या यायच्या त्या त्यामुळेच. शिवाय बीपीही निघालं. गोळ्या बंद झाल्या, इलाज सुरू झाला.

तो लो मेडिकल झाला. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, कॅटेगरी परत वर आली. पुढच्या कॅडरला तो पास झाला आणि आज नाईक आहे.

सहा महिने. नाईक इरण्णाचे तेवढेच वाचवायला आम्ही दोघे निघालो होतो.